ग्रंथालयाचे स्वतःचे उत्पन्न: आधी खाते, मग योजना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण सोलापूर जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहात. ग्रंथखरेदीची तरतूद वर्षागणिक आक्रसत गेली आहे आणि आता ग्रंथालयाने आपला वरकड खर्च आपणच भागवावा, असे संस्थाचालकांनी सुचवले आहे. दंड वाढवणे, झेरॉक्स यंत्र बसवणे आणि वाचनकक्ष बाहेरच्या मुलांना शुल्क घेऊन खुला करणे असे तीन मार्ग आपण पुढे ठेवले आहेत आणि त्यांतला कोणता नियमात बसेल व कोणता परवडेल, असे विचारले आहे. मी सोलापूर शहरातील महाविद्यालयीन ग्रंथालयांत बरीच वर्षे काम केले आहे आणि याच प्रश्नाला वेगवेगळ्या संस्थाचालकांसमोर उत्तर दिले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मार्ग सुचणे ही यातली खरी अडचण नाही. मिळालेला पैसा कोणत्या खात्यात जमा होईल आणि तो कोणाच्या सहीने खर्च होईल, हे बहुतेक ठिकाणी ठरलेले नसते, आणि तिथेच सगळे अडते. ग्रंथालयाने वर्षभर खपून चाळीस-पन्नास हजार रुपये मिळवले, ते महाविद्यालयाच्या सर्वसाधारण जमेत विरघळले आणि पुढच्या अंदाजपत्रकात ‘ग्रंथालयाला आता स्वतःचे उत्पन्न आहे’ म्हणून मूळ तरतुदीलाच कात्री लागली, असे घडू शकते आणि घडतेही. तसे होणार असेल तर उत्पन्नाचा खटाटोप न केलेला बरा. दुसरी गोष्ट अपेक्षेच्या मापाची आहे. महाविद्यालयीन ग्रंथालयाच्या उत्पन्नातून सेवकांचे वेतन किंवा मोठ्या नियतकालिकांची वर्गणी निघत नाही. पुस्तकांची बांधणी, काही नवी खरेदी, संगणकाची दुरुस्ती, संध्याकाळी बसणाऱ्या एका माणसाचे मानधन एवढे त्यातून निघू शकते, आणि हे संस्थाचालकांना पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगितलेले चांगले.

पुढे लिहिलेल्यापैकी बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे. महाविद्यालय अनुदानित आहे की विनाअनुदानित, ग्रंथालयाला स्वतंत्र इमारत आणि स्वतंत्र दार आहे की ते वर्गखोल्यांच्या मधोमध आहे, गावात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले किती आहेत, आपल्या कपाटांत जुना व स्थानिक संग्रह काही आहे की केवळ क्रमिक पुस्तके आहेत, यांनुसार उत्तर बदलते. शासकीय महाविद्यालयात तर जमा झालेला पैसा स्वतःकडे ठेवण्याची मुभा असतेच असे नाही, त्यामुळे तिथे वेगळीच वाट धरावी लागते. मी आपली परिस्थिती गृहीत धरून बोलते आहे.

सुरुवात ठरावापासून करावी. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ नुसार प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते आणि वार्षिक अंदाजपत्रक तयार करून त्याची व्यवस्थापनाकडे शिफारस करणे हे तिच्या कामांपैकी एक आहे. ग्रंथालय समितीने आधी टिपण तयार करावे आणि ते या समितीमार्फत संस्थेकडे न्यावे. टिपणात तीन गोष्टी असाव्यात: ‘ग्रंथालय सेवा उत्पन्न’ या नावाचे स्वतंत्र लेखाशीर्ष (हिशेबातील वेगळे सदर) उघडले जाईल, त्यात जमा झालेली रक्कम ग्रंथालयाच्याच कामासाठी वापरली जाईल आणि वर्षअखेरीस उरलेली शिल्लक पुढील वर्षी ओढली जाईल, आणि या उत्पन्नामुळे ग्रंथालयाची नियमित तरतूद कमी केली जाणार नाही. तिसरा मुद्दा मान्य करून घेणे सर्वांत अवघड असते. संस्थाचालक तो पूर्ण स्वीकारत नसतील तर किमान तीन वर्षे तरतूद गोठवून ठेवण्याची, म्हणजे ती कमी न करण्याची, हमी लेखी मागावी. तोंडी आश्वासनावर विसंबू नये, कारण प्राचार्य बदलतात आणि पदाधिकारीही बदलतात.

आपली संस्था बहुधा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला न्यास असेल आणि शैक्षणिक कार्यासाठी तिला प्राप्तिकरात सवलत असेल. अशा न्यासाने मूळ कार्याला पूरक असा काही व्यवसाय केला तर त्याचे हिशेब स्वतंत्र ठेवावे लागतात, त्यामुळे वेगळे लेखाशीर्ष ही केवळ आपली सोय राहत नाही, लेखापरीक्षकालाही ते हवेच असते. वस्तू व सेवा कराबाबत एक गैरसमज सर्रास आढळतो. सेवा देणाऱ्याला नोंदणीसाठी असलेली वार्षिक २० लाख रुपयांच्या उलाढालीची मर्यादा ग्रंथालयापुरती वेगळी मोजली जात नाही. ती संस्थेच्या पॅन क्रमांकावरील सगळ्या शाखांची मिळून मोजली जाते. शैक्षणिक संस्थेने आपल्या विद्यार्थ्यांना व सेवकांना दिलेल्या सेवा करमुक्त आहेत, सार्वजनिक ग्रंथालयांनी पुस्तके वाचायला देणेही करमुक्त आहे. पण बाहेरच्या व्यक्तीला महाविद्यालयाने जागा किंवा तांत्रिक सेवा दिली तर ती सूट आपोआप लागू होते, असे धरून चालू नये. संस्थेच्या सनदी लेखापालाकडून याचे उत्तर लेखी घ्यावे. अनुदानित महाविद्यालय असल्याने आणखी एक पथ्य पाळावे लागते: ज्या वेळेचे वेतन शासन देते, त्या वेळेत बाहेरचे सशुल्क काम करणे योग्य ठरणार नाही. ते काम कार्यालयीन वेळेनंतर, वेगळ्या मानधनावरील माणसांकडून आणि संस्थेच्या लेखी आदेशाने व्हावे, म्हणजे उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाच्या तपासणीत उत्तर देता येते.

आता आपल्या तीन मार्गांकडे वळते. दंड हे उत्पन्न मानूच नये. दंडाचा उद्देश पुस्तक वेळेवर परत येणे हा आहे. तो उद्देश साधला तर दंड जमाच होणार नाही. आणि दंडावर खर्चाची गणिते बसवली तर पुस्तके उशिरा यावीत, अशी इच्छा ग्रंथालयाच्याच मनात उत्पन्न होते. शिवाय दंड वाढला की गरीब विद्यार्थी पुस्तक घरी नेणेच सोडतो, हे विणकर वस्तीतून येणाऱ्या मुलांच्या बाबतीत मी पाहिले आहे. अनामत रकमेची गोष्ट वेगळी आहे. अनामत ही विद्यार्थ्याची रक्कम आहे, ती परत करायची असते, म्हणून तिला हात लावता येत नाही; पण ती चालू खात्यात पडून राहण्याऐवजी मुदत ठेवीत ठेवली तर तिचे व्याज मिळते. समजा, १,२०० विद्यार्थ्यांकडून प्रत्येकी ३०० रुपये अनामत घेतली असेल, तर ती रक्कम ३,६०,००० रुपये होते आणि साडेसहा टक्के दराने वर्षाला २३,४०० रुपये व्याज येते. हे व्याज आज कुठल्या जमेत जाते, ते लेखापालाला विचारावे. कित्येक महाविद्यालयांत ग्रंथालयाला याची माहितीही नसते. नवी योजना न आखता, एकही रुपया नव्याने न घेता, हे व्याज ग्रंथालयाच्या लेखाशीर्षात वळवून घेणे हे मी पहिल्या वर्षाचे पहिले काम मानते.

झेरॉक्सबद्दल माझा उत्साह कमी आहे. मुले पानांचे फोटो मोबाइलवर काढतात, त्यामुळे यंत्राचे भाडे, शाई आणि देखभाल यांत मिळकत संपते. त्यापेक्षा परीक्षा अर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि प्रकल्प अहवाल यांच्या छपाईला मागणी असते. तेव्हा एक साधा लेझर प्रिंटर ठेवून पृष्ठामागे वाजवी दर आकारणे पुरेसे आहे. यंत्र ठेकेदाराला द्यायचेच असेल तर पृष्ठसंख्येवर वाटा ठरवण्याऐवजी दरमहा ठराविक रक्कम ठरवावी, म्हणजे मोजणीचे वाद होत नाहीत. स्वामित्वहक्काचा मुद्दा मात्र इथे येतोच. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानाविरुद्ध मोठ्या प्रकाशकांनी दाखल केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये, अभ्यासक्रमासाठी निवडक उताऱ्यांच्या प्रती काढणे कॉपीराइट अधिनियम, १९५७ मधील शिक्षणविषयक अपवादात बसू शकते, असा निर्णय दिला. त्या निर्णयाचा अर्थ अनेक जण ‘आता काहीही झेरॉक्स करा’ असा घेतात. तो निर्णय अध्यापनाच्या ओघात लागणाऱ्या साहित्यापुरता आहे. बाजारात उपलब्ध असलेले अख्खे पुस्तक छापून, बांधून नफ्याने विकण्याला त्याचा आधार मिळणार नाही.

वाचनकक्षाचा मार्ग यांत सर्वांत विचार करण्याजोगा आहे. लोकसेवा आयोगाच्या परीक्षा, पोलीस भरती, तलाठी भरती, बँकेच्या परीक्षा यांची तयारी करणारी मुले सोलापुरात आणि बार्शी, पंढरपूर, अकलूज, सांगोला अशा गावांतही मोठ्या संख्येने आहेत आणि खासगी अभ्यासिका त्यांच्यावरच चालतात. अशा अभ्यासिकेत खुर्ची, दिवा, पंखा आणि शांतता मिळते. आपल्याकडे त्याशिवाय संदर्भग्रंथ, वर्तमानपत्रांचे जुने अंक, शासकीय अहवाल आणि विचारले तर उत्तर देणारा ग्रंथपाल असतो. महाविद्यालयाचा वाचनकक्ष मात्र सायंकाळी पाच-साडेपाचला बंद होतो आणि रात्री दहापर्यंत रिकामा राहतो. एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो तेव्हा, घरी पत्र्याखाली बसून अभ्यास करणे अशक्य असते, आणि नेमक्या त्याच काळात महाविद्यालयांना सुट्टी असते.

हिशेब प्रामाणिकपणे मांडू. समजा, चाळीस आसने आपण बाहेरच्यांसाठी ठेवली आणि दरमहा ६०० रुपये शुल्क ठेवले. सगळी आसने कधीच भरत नाहीत, म्हणून तीस धरावीत. महिन्याला १८,००० रुपये येतील. सायंकाळच्या सेवकाचे मानधन ९,००० रुपये, विजेचा वाढीव खर्च ३,००० रुपये, स्वच्छता व पाणी १,५०० रुपये धरले तर ४,५०० रुपये उरतात. परीक्षांचा काळ वगळून दहा महिन्यांचे ४५,००० रुपये. सरासरी ४०० रुपये किमतीची शंभराच्या आसपास पुस्तके त्यात येतील. हे आकडे आपल्या गावच्या दरांनुसार बदलून घ्यावेत, पण मांडणी अशीच करावी, कारण ‘चाळीस गुणिले सहाशे गुणिले बारा’ असा गुणाकार करून जवळपास तीन लाखांचे उत्पन्न दाखवणारी टिपणे मी वाचली आहेत आणि ती वर्षभरात कोसळतात. वातानुकूलन यंत्र बसवण्याचा मोह टाळावा. विजेचे बिल सगळा शिलकी पैसा खाऊन टाकते. त्याऐवजी कूलर, छताला पांढरा रंग आणि पडदे यांवर एकदाच खर्च करणे परवडते.

अटी आधीच छापून द्याव्यात. आपल्या विद्यार्थ्यांचा अग्रहक्क राहील आणि विद्यापीठाच्या परीक्षांच्या काळात बाहेरच्यांची आसने कमी होतील, हे प्रवेश अर्जावरच असावे. पैसे घेतल्यानंतर सांगितले तर भांडण होते. मुलींसाठी वेगळी आसने, उजेड असलेली वाट आणि शेवटच्या एसटीचा विचार करून ठरवलेली वेळ नसेल तर निम्मे वाचक आपण आधीच गमावतो. पुस्तकांच्या कपाटांकडे जाणारे दार रात्री बंद ठेवता येईल, अशी रचना करावी लागते; ती शक्य नसेल तर सेवक एकऐवजी दोन लागतील आणि हिशेब उलटेल. आणखी एक बाब सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: महाविद्यालयाच्या इमारतीला मालमत्ता करात शैक्षणिक किंवा धर्मादाय वापराची सवलत घेतलेली असेल, तर जागेचे भाडे घेण्याने ती सवलत अडचणीत येऊ शकते. म्हणून आकारणी जागेच्या भाड्याच्या रूपात न करता वाचक सदस्यत्वाच्या रूपात असावी आणि तीही नगरपालिकेच्या नियमांशी ताडून पाहावी. खासगी शिकवणीवाल्यांना संपूर्ण कक्ष महिन्याच्या बोलीवर देणे मी कधीही सुचवणार नाही. त्यात पैसा एकरकमी येतो हे खरे, पण दोन महिन्यांत ग्रंथालय त्यांचे होते आणि आपण पाहुणे होतो.

याला जोडून बाहेरच्या वाचकांचे सदस्यत्व ठेवता येते. माजी विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, वकील, स्थानिक इतिहासावर लिहिणारे हौशी लेखक असे लोक वार्षिक शुल्क भरायला तयार असतात. रक्कम फार होत नाही. घरी पुस्तक देण्यासाठी पुरेशी अनामत घ्यावी आणि क्रमिक पुस्तके त्यातून वगळावीत, एवढेच यात सांगण्यासारखे आहे.

आपण विचारलेल्या तिन्ही मार्गांत न आलेली, पण माझ्या मते सर्वांत जास्त मोल असलेली गोष्ट म्हणजे ग्रंथालयातले कौशल्य. तालिकीकरण (पुस्तकांची सूची करणे), वर्गीकरण, दाखल नोंदवही (आलेल्या पुस्तकांची क्रमवार नोंद), बारकोड, कोहा किंवा ई-ग्रंथालय यांसारखी संगणक प्रणाली बसवणे ही कामे आपण रोज करतो म्हणून आपल्याला क्षुल्लक वाटतात. पण गावातली शाळा, अध्यापक विद्यालय, रुग्णालय, मठ किंवा न्यास यांच्याकडे हजारो पुस्तके असतात आणि ती कोणत्या कपाटात आहेत, हे एका म्हाताऱ्या कारकुनाशिवाय कोणालाच ठाऊक नसते. कोहा ही प्रणाली विनामूल्य आहे. त्यामुळे त्या संस्थेला पैसा मोजायचा असतो तो केवळ आपल्या श्रमाचा.

दर असा ठरवावा. प्रशिक्षित माणूस दिवसाला किती पुस्तकांची संपूर्ण नोंद, वर्गांक (विषयानुसार क्रमांक) आणि त्या क्रमांकाची चिकटपट्टी पूर्ण करतो, ते त्यांच्याच शंभर पुस्तकांवर करून पाहावे. मराठी पुस्तकांच्या तयार नोंदी इंग्रजीइतक्या सहज मिळत नाहीत, म्हणून मराठी संग्रहाला वेळ जास्त लागतो, हे विसरू नये. समजा, गती दिवसाला साठ पुस्तकांची निघाली आणि संग्रह ५,००० पुस्तकांचा आहे, तर दोन माणसांना सुमारे ४२ दिवस लागतील. प्रत्येकी ५०० रुपये रोजाने मानधन ४२,००० रुपये, चिकटपट्ट्या व प्रवास ८,००० रुपये. पुस्तकामागे २० रुपये आकारले तर १,००,००० रुपये येतात आणि निम्मे उरतात. ही दोन माणसे म्हणून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली पण नोकरीच्या शोधात असलेली स्थानिक मुले घ्यावीत. जिल्ह्यात अशी मुले कमी नाहीत. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून कितीतरी जणांनी ही पदवी घेतली आहे. ‘कमवा आणि शिका’ योजनेतील विद्यार्थ्यांना पुस्तके पुसणे, क्रमाने लावणे, चिकटपट्ट्या लावणे ही कामे देता येतात, वर्गांक देण्याचे काम नाही. करारात काम कुठे संपते, हे लिहून घ्यावे. अन्यथा पुढची दोन वर्षे ‘संगणक उघडत नाही’ असे फोन येत राहतात आणि त्याचे कोणी काही देत नाही. वार्षिक देखभालीचे वेगळे शुल्क ठरवले तर तोच त्रास लहानसे पण नियमित उत्पन्न होतो.

संग्रहाचे अंकीकरण हा याच कौशल्याचा पुढचा भाग आहे आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तो नुसता उत्पन्नापुरता पाहू नये. मे १९३० मधील मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे हे चार हुतात्मे, गिरण्यांची उभारणी आणि पडझड, हातमाग आणि चादरीचा धंदा, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या समाजांच्या संस्थांचे अहवाल, यांवरची पत्रके, स्मरणिका, छायाचित्रे आणि हिशेबाच्या वह्या अनेक घरांत आणि संस्थांत पडून आहेत. एखाद्या महाविद्यालयाने चांगला स्कॅनर घेतला, स्कॅनची स्पष्टता ३०० डीपीआयच्या (इंचामागे ठिपक्यांच्या) खाली न नेण्याचा आणि मूळ कागद न उसवण्याचा नियम पाळला, तर संस्थांच्या सुवर्णमहोत्सवी व शताब्दी स्मरणिकांच्या निमित्ताने हे काम पैसे देऊन करून घेणारे लोक भेटतात. मी इथे एक अट घालीन: स्कॅन केलेल्या प्रतीची एक प्रत आपल्या ग्रंथालयात अभ्यासकांसाठी राहील, हे मालकाकडून लेखी घ्यावे आणि त्या बदल्यात दर कमी करावा. दहा वर्षांनी आपल्याकडे जो स्थानिक संग्रह जमलेला असेल, त्याची किंमत त्या सवलतीच्या कितीतरी पट असेल.

स्वामित्वहक्काचा नियम इथेही लक्षात ठेवावा. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी ग्रंथ मुक्त होतो आणि ती साठ वर्षे मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजली जातात. म्हणजे १९६४ मध्ये निधन झालेल्या लेखकाचे साहित्य १ जानेवारी २०२५ पासून मुक्त झाले. अशा साहित्याची उत्तम प्रत प्रकाशकाला, माहितीपट करणाऱ्याला किंवा वर्तमानपत्राला हवी असेल तर प्रत काढून देण्याच्या सेवेचे शुल्क घ्यावे. विद्यार्थी आणि संशोधक यांना ती फुकट किंवा नाममात्र दराने द्यावी.

मोडी लिपीचा उल्लेख मुद्दाम करते. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांची मागणी एकाएकी वाढली, पण जमिनीची, देवस्थानांची आणि घराण्यांची जुनी कागदपत्रे वाचून हवी असणारे लोक त्याआधीही होतेच. ग्रंथालयाने जाणकार बोलावून सुट्टीत मोडीचा पायाभूत वर्ग भरवावा आणि शुल्काचा ठरलेला वाटा आपल्याकडे ठेवावा. संशोधन संदर्भ नीट ठेवण्यासाठी झोटेरोसारख्या विनामूल्य साधनाचा दोन दिवसांचा वर्गही पदव्युत्तर विद्यार्थ्यांना उपयोगी पडतो. पण आपल्याच विद्यार्थ्यांकडून त्यासाठी पैसे घेऊ नयेत, बाहेरून येणाऱ्यांकडून घ्यावेत. कागदपत्र वाचून देण्याचे काम मात्र ग्रंथालयाच्या नावावर करू नये. त्याचा उपयोग वादात आणि दाव्यात होतो, आणि चुकीच्या वाचनाची जबाबदारी महाविद्यालयावर येते.

देणग्या हे खऱ्या अर्थाने उत्पन्न नव्हे, तरी त्या वगळून हा हिशेब पूर्ण होत नाही. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ग्रंथ दत्तक घेण्याची योजना राबवली आहे. त्यात देणगीदार एखाद्या जुन्या ग्रंथाच्या जतनाचा खर्च उचलतो. आपल्याकडे ती लहान प्रमाणावर जमण्यासारखी आहे, कारण वडिलांच्या वर्षश्राद्धाला किंवा आजीच्या नावाने काहीतरी करावे, अशी इच्छा असणारी कुटुंबे गावोगावी असतात आणि त्यांना काय करावे, हे कोणी नेमके सांगत नाही. १,००,००० रुपयांची कायम ठेव ठेवली तर साडेसहा टक्क्यांनी दरवर्षी ६,५०० रुपये मिळतात आणि त्यातून घेतलेल्या प्रत्येक पुस्तकावर त्या व्यक्तीच्या नावाची पट्टी लागते. मुद्दलाला हात लावायचा नाही, हे ठेवपत्रातच लिहावे. पैशांऐवजी घरातली जुनी पुस्तके देऊ करणारे अधिक भेटतील. ती सगळी घेऊ नयेत; प्रत्येक पुस्तकाला जागा, नोंद आणि देखभाल लागते, म्हणून निवडीचा अधिकार आपल्याकडे ठेवावा.

कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीबद्दल संस्थाचालक हमखास बोलतील. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठराविक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते आणि अनुसूची ७ मध्ये शिक्षणाला चालना तसेच सार्वजनिक ग्रंथालये उभारणे यांचा उल्लेख आहे. संस्थेने त्यासाठी सीएसआर-१ हा नमुना भरून नोंदणी केलेली असावी लागते. हा पैसा एकदाच मिळतो, म्हणून तो स्कॅनर, कपाटे, सौर ऊर्जा संच अशा एकवेळच्या वस्तूंसाठी मागावा. मानधनासाठी मागू नये. गावातल्या मुलामुलींना संध्याकाळची अभ्यासिका खुली करणार असाल, तर आपला अर्ज नुसत्या ‘महाविद्यालयाला संगणक द्या’ या अर्जापेक्षा नक्कीच वजनदार ठरतो.

काही गोष्टी मोहात पाडतात, त्या सांगून ठेवते. एन-लिस्ट या महाविद्यालयांना ई-साहित्य पुरवणाऱ्या राष्ट्रीय योजनेतून मिळणारी ई-पुस्तके व नियतकालिके आपल्या महाविद्यालयाच्या नोंदणीकृत वापरकर्त्यांसाठी असतात. बाहेरच्या सदस्याला लेख काढून विकणे हा परवान्याचा भंग आहे. साहित्यचौर्य तपासणीचे तसेच. विद्यापीठांना मिळालेली तपासणी प्रणाली त्यांच्या संशोधकांसाठी असते, आणि पैसे घेऊन अहवाल देणारे ग्रंथालय हळूहळू साम्याचा ‘टक्का कमी करून देणारे’ ग्रंथालय होण्याचा धोका असतो. २०१८ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड ठेवलेला नाही, एवढेच धरून त्या आकड्याचा बाजार मांडणारे लोक आहेत. त्यांच्या रांगेत ग्रंथालयाने बसू नये. ज्या सेवेसाठी विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी ग्रंथालय शुल्क भरले आहे, तिच्यासाठी पुन्हा पैसे घेऊ नयेत. बाद केलेली पुस्तके आणि रद्दी यांच्या विक्रीतून थोडी रक्कम येते, पण निर्लेखनाचा (पुस्तक नोंदींतून रीतसर कमी करण्याचा) ठराव झाल्याशिवाय एकही पुस्तक रद्दीत देऊ नये. लेखापरीक्षणात सर्वांत जास्त त्रास त्याचाच होतो.

आपल्या जागी मी असते तर क्रम असा ठेवला असता. या वर्षी ठराव आणि अनामतीचे व्याज, एवढेच. एप्रिल-मेमध्ये दोन महिन्यांसाठी प्रायोगिक सायंकाळची अभ्यासिका, वीस आसनांची. तिचा प्रत्यक्ष जमाखर्च हाती आल्यावर जूनमध्ये ती वर्षभर चालवायची की नाही, ते ठरवायचे. त्यानंतर आपल्याच संस्थेच्या एखाद्या शाळेचे ग्रंथालय सवलतीच्या दरात संगणकीकृत करून द्यायचे, म्हणजे बाहेर दाखवायला एक पूर्ण झालेले काम मिळते आणि माणसेही तयार होतात. अंकीकरण तिसऱ्या वर्षी, स्कॅनरसाठी निधी मिळाला तर.

आपल्या वाचनकक्षाला स्वतंत्र दार आहे का, त्याची आसनक्षमता किती, वीजजोडणी महाविद्यालयाच्या मुख्य मीटरवरून आहे की उपमीटर बसवलेला आहे आणि अनामतीची एकूण रक्कम सध्या कोणत्या खात्यात आहे, या चार गोष्टी कळवल्या तर आपल्यापुरता अभ्यासिकेचा दर आणि ठरावाचा मसुदा मी करून देऊ शकेन. उपमीटर नसेल तर तो एप्रिलपूर्वी बसवून घ्यावा. प्रायोगिक दोन महिन्यांत विजेचा नेमका खर्च मोजता आला नाही, तर जूनच्या बैठकीत मांडायला आपल्याकडे आकडा राहणार नाही.